अण्णांच्या गाडीचा होकार

शटर खाली आलं, आणि दुपारचे चार वाजलेले असताना शेडमध्ये दिवेलागणीसारखा काळोख पसरला.

"पायताणं भाईर! मोबाईल बंद! आनि ज्याच्या मनात शंका आसंल त्यानं आत्ताच उठावं. शंकेचा वास आण्णास्नी खपत न्हाय!" पुढून महाराज गरजले.

माझ्या मनात शंका होती, तरी मी उठले नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं, भूमिकानं, माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

श्रावणातला दुसरा सोमवार होता. कोल्हापुरात सम्राटनगरातल्या एका बंगल्याच्या आवारात पत्र्याची शेड आहे, तिच्यात चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाहेर पावसाची झड लागली होती. आत धूप, ओल्या कपड्यांचा वास, आणि त्या सगळ्याखाली आणखी एक जळका, घशात बसणारा वास. मधोमध ती गाडी उभी होती. काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची, तीस वर्षांपूर्वीची. पुढच्या काचेवर भस्माचे तीन पट्टे, आरशाला रुद्राक्षांची माळ, टपावर झेंडूचा ढीग. इंजिन सुरू होतं. चालकाच्या जागेवर कोणी नव्हतं.

बॉनेट वीतभर उघडून त्याला काठीचा टेकू दिला होता. त्या फटीशी भगव्या कफनीतले कृष्णातनाथ महाराज उभे होते. हातात मोरपिसांचा कुंचा, कुंच्याला हातभर लांब लाकडी दांडा.

"लोक म्हंत्यात, मेलेला मानूस वर जातो. वर काय हाय? ढग! आण्णा काय ढगात बसनारं मानूस व्हतं? आण्णा लेदरच्या शिटावर बसनारं मानूस! मी बी आदी साधा मिस्त्रीच व्हतो. पाने फिरवायचो. ह्या गाडीचं बॉनेट उघडलं आनि आतनं आण्णांनी माझा हात धरला. म्हनले, कृष्णाता, पाना टाक, कुंचा घे!"

माणसांनी हात जोडले. महाराजांनी कुंचा फटीत घातला, हृदयावर हात ठेवावा तसा हळुवार.

"आण्णा, हायसा का?"

इंजिन डरकाळलं. पत्रे थरथरले. काचेआड डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे दिवे भसकन पेटले, काटा सर्रकन वर गेला आणि पुन्हा खाली आला. अॅक्सिलरेटर दाबायला कोणाचा पाय नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, हे मी आधीच कबूल करते.

मग प्रश्न सुरू झाले. पोराला नोकरी लागेल का? गाडी डरकाळली, म्हणजे हो. शेजाऱ्यानं बांध कोरलाय का? हो. गाडीच्या मागच्या बाजूला, मानाच्या जागेवर बसलेल्या दोन बायका घुमायला लागल्या. एक जण डोळे पांढरे करून आडवी झाली. "संचार झाला, संचार झाला," लोक कुजबुजले.

शेवटी भूमिकाची आई, अण्णांची बायको, उठली. शिवगंगाकाकी. इरकल साडी, कपाळावर विभूती, सहा महिन्यांत निम्मी झालेली बाई. बॉनेटवर कपाळ टेकून तिनं मनातल्या मनात प्रश्न विचारला. कुंचा आत गेला. इंजिन एकदा गचकलं आणि पूर्ण बंद पडलं.

त्या शांततेत तिच्या हुंदक्याचा आवाज फार मोठा वाटला.

"आजून न्हाय, आक्का," महाराज म्हणाले. "आजून आण्णांचं मन भरलं न्हाय. पुढच्या सोमवारी या."

त्याच वेळी माझ्या मागून कोणीतरी खोकलं. दोन वेळा, आणि मग एक लांब. तो खोकला मला ओळखीचा होता. माझ्या वडिलांचा. फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, आयुष्य घालवलेले माझे वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली. मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त पत्रा होता.

मी भूमिकाचा हात सोडवला, शटर गुडघ्याएवढं वर केलं आणि वाकून बाहेर पडले. फाटकापाशी मला उलटी झाली. कपाळ ठणकत होतं. पावसात उभी राहून मी श्वास घेत राहिले. दहा मिनिटांत डोकं हलकं झालं. खोकला पुन्हा ऐकू आला नाही.

*

माझं नाव क्रांती. हे नाव वडिलांनी ठेवलं. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरचे हार्नेस बनतात. हार्नेस म्हणजे इंजिनाच्या सगळ्या तारांचा एकत्र बांधलेला जुडगा. माणसाच्या अंगात नसा असतात तशा. कुठली तार कुठं जाते, किती लांब, कुठल्या रंगाची, हे सगळं लाकडी बोर्डावर आखलेलं असतं. आमच्या बायका त्यावर तारा अंथरतात, टोकं दाबून बसवतात, वरून पट्टी गुंडाळतात. भूमिका आमच्याच कारखान्यात तपासणी विभागात आहे. एकाच बसनं जाणं-येणं, एकाच डब्यातलं खाणं, त्यामुळे तिच्या घरचं मला सगळं ठाऊक होतं.

तिचे वडील बाळाप्पा, सगळ्यांचे अण्णा, लक्ष्मीपुरीतले धान्याचे व्यापारी. मूळ घर संकेश्वरकडचं. घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी. आई ती अव्वा. अण्णांनी पंधरा वर्षांपूर्वी ही गाडी एका डॉक्टरांकडून घेतली आणि तिच्यावर पोटच्या पोराइतका जीव लावला. फेब्रुवारीत एका सकाळी ते निपाणीला निघाले. लक्ष्मी टेकडीच्या चढावर गाडी बंद पडली. बॉनेट उघडायला उतरले आणि हायवेच्या कडेला कोसळले ते गेलेच.

महिन्यानं मुलगा श्रीशैल गाडी घेऊन निघाला. चालता चालता इंजिन आपोआप ओरडायला लागलं, आणि लक्ष्मी टेकडीच्या चढावर, अगदी त्याच जागी, बंद पडलं. त्याला वाटलं, योगायोग. पंधरा दिवसांनी पुन्हा नेली. पुन्हा तीच जागा. तिसऱ्यांदा तो एकटा गेला नाही, मामाला घेऊन गेला. गाडी तिथंच थांबली आणि मामा गाडीतून उतरून पळत सुटला.

बातमी पसरायला आणखी काय लागतं? शिरोलीच्या एका गॅरेजचा मिस्त्री गाडी बघायला आला आणि महाराज होऊन राहिला. आषाढापर्यंत सोमवारची गर्दी फाटकाबाहेर जाऊ लागली.

"दीदी, तू बघितलंस न्हवं?" दुसऱ्या दिवशी बसमध्ये भूमिकानं विचारलं. "मग सांग की. कोन ओरडतंय आत?"

"ते मला अजून ठाऊक न्हाय," मी म्हणाले. "पण बेशुद्ध पडणाऱ्या बायका नेहमी गाडीच्या मागंच का बसलेल्या असतात?"

"मानाची जागा हाय ती."

"सायलेन्सरच्या तोंडाची जागा हाय ती, भूमिका."

आमच्या कारखान्यात जनरेटरच्या खोलीवर एक पाटी आहे: दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच यंत्र चालवा. सुरक्षेच्या वर्गात शिकवतात की इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. बंद जागेत तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. मेंदूला हवा कमी पडली की माणसाला नको ते ऐकू येतं, नको ते दिसतं. मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही.

हे सगळं भूमिकानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "श्रावणातला शेवटचा सोमवार आमुशेचा हाय. महाराजांनी सांगितलंय, त्या दिवशी अव्वानं एकटीनं गाडीत बसायचं. काचा वर, शटर खाली, इंजिन चालू. दोन तास. आण्णांची आनि तिची भेट व्हनार म्हनं. त्यानंतर शेड आनि म्होरलं आवार महाराजांच्या मठाला द्यायचं."

"श्रीशैलला सांग," मी म्हणाले, "शनिवारी मला ती गाडी उघडून बघायचीय."

*

शनिवारी काकी देवळात गेल्यावर मी श्रीशैलला शटर पूर्ण वर करायला लावलं. तिशीचा पोरगा. पुण्यात चांगल्या नोकरीत होता, आता दिवसभर घरात बसून असायचा. त्यानं गाडीला आधी हात जोडले, मग बॉनेट उघडलं. मी चावी काढून घेतली आणि विजेरी आत धरली.

इंजिनाच्या माथ्यावरून मनगटाएवढा काळा जुडगा गेला होता. वरची पट्टी एका जागी कोणीतरी ब्लेडनं कापून बाजूला केली होती. मी आतली एक तार बोटांनी जरा वाकवली. तिचं आवरण हरभऱ्याच्या टरफलासारखं तडकलं आणि गळून पडलं. आत तांबं उघडं. शेजारची तार, तीही तशीच. त्या शेजारची, तीही. एकही तार अंगावर कपडा असलेली राहिली नव्हती.

"हे बघ," मी म्हणाले. "त्या काळातल्या काही गाड्यांत तारांचं आवरण असं वापरलं गेलं की इंजिनाच्या उष्णतेनं ते वर्षानुवर्षं भाजत राहतं, वाळतं आणि तुकडे पडतात. मग उघड्या तारा एकमेकींना चिकटतात. इंजिनाच्या मेंदूला वाटतं कोणीतरी अॅक्सिलरेटर दाबला."

श्रीशैल मान हलवत होता, पण त्याचे डोळे ऐकत नव्हते. मी चावी लावली, इंजिन सुरू केलं आणि स्वयंपाकघरातून आणलेलं लाटणं जुडग्याच्या त्या कापलेल्या जागेवर हळूच टेकलं.

गाडी डरकाळली.

लाटणं उचललं, शांत झाली. पुन्हा टेकलं, पुन्हा डरकाळली. जरा कडेला जोरात दाबलं आणि इंजिन गचकून बंद पडलं. हो आणि नाही. कुंच्याच्या दांड्याला एवढंच काम होतं.

श्रीशैल मडगार्डवर बसला आणि रडायला लागला. "मी इचारलंतं," तो म्हणाला. "आण्णा, अव्वाला सोडून मी पुण्याला ऱ्हाऊ नको व्हय? गाडी व्हय म्हनली. मी नोकरी सोडली, क्रांतीताई. मला वाटलं, ते बोलले."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं. "बरं, हे पटलं. पर तीच जागा का? तीन डाव लक्ष्मी टेकडी!"

"घरापासनं तिथंवर किती वेळ लागतो?"

"पंचवीस मिंटं."

"आणि पुढं चढ. इंजिन पुरतं तापतं, तारा हलतात, एकमेकींना चिकटतात. तू दर वेळी त्याच घरातनं निघालास आणि त्याच रस्त्यानं गेलास. गाडी जागा बघून थांबत न्हाय, तापली की थांबते. उद्या दुसरीकडं ने."

रविवारी तो पन्हाळ्याच्या रस्त्याला लागला. वाघबीळच्या चढावर, पंचवीस-सव्वीस मिनिटांनी, गाडी बंद पडली. त्यानं मला फोन केला तेव्हा सहा महिन्यांत पहिल्यांदा तो हसत होता.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी काकीला सगळं सांगितलं. लाटणंसुद्धा दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"वाघबीळला थांबली?"

"व्हय अव्वा, वाघबीळला. लक्ष्मी टेकडीचा काय संबंध न्हाय."

"मग ते तिथं बी आले आसतील," काकी म्हणाली. "गाडीत हाईत म्हटल्यावर गाडी जाईल तिथं येनारच की."

ती माझ्याकडं वळली. "पोरी, तुला तारा दिसल्या. मला आवाज येतोय. माझं एकच इचारायचं ऱ्हायलंय त्यास्नी. त्यांनी व्हय म्हनू दे, मग मठाला द्या न्हायतर मोडीत घाला."

"काय विचारायचंय काकी?"

ती उठून आत गेली.

*

शटरला कुलूप लावता आलं असतं. महाराजांना फाटकावरून हाकलता आलं असतं. पण श्रीशैल म्हणाला ते खरं होतं: अव्वा दुसऱ्या दारी जाईल, तिथं कोण भेटेल देव जाणे. तिनं स्वतः पाहिल्याशिवाय काही उपयोग नव्हता. मी ठरवलं, हार्नेस बदलायचा.

तसा नवीन कुठं मिळेना. मग मी सुतळीनं प्रत्येक तारेची लांबी मोजली, फोटो काढले, आकडे लिहून घेतले. घरी प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून बोर्ड तयार केला. उष्णता सोसणारी तार मागवली. सुट्टीच्या दिवशी आणि शिफ्ट सुटल्यावर मी आणि भूमिका फळीपुढं बसायचो. ती रंग वाचायची, मी तार अंथरायची. ट्रॅक्टरच्या हार्नेसपेक्षा हे काम नाजूक होतं. एक तार चुकली तर इंजिन सुरूच होणार नव्हतं. दोनदा अर्धा जुडगा उसवून पुन्हा बांधला. मधले दोन सोमवार श्रीशैलनं साखळी अडकल्याचं सांगून शटर अर्धं उघडंच ठेवलं.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. आम्ही एका बाईच्या पाठीमागं तिच्या नवऱ्याचा आवाज काढून घेत होतो. तो आवाज खोटा होता. तरी तिच्यापाशी तेवढाच होता.

अमावास्येच्या आदल्या दिवशी काकी बहिणीकडं संकेश्वरला गेली. आम्ही सकाळी आठला सुरुवात केली. माळा जशाच्या तशा उचलून चादरीवर ठेवल्या. बॅटरी सोडवली. जुना जुडगा काढताना काळा भुगा हातांवर, बाह्यांवर, फरशीवर पडत होता. त्याची शाबूत असलेली टोकं मी नव्या तारांना बसवली. एका खोबणीत माझा हात जात नव्हता, तिथं भूमिकाचा हात गेला. दुपारी तीनला श्रीशैलनं चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं की नाही हेच आम्हाला पहिल्यांदा कळेना. इतकं ते शांत चालत होतं. मी लाटणं घेऊन जुडगा सगळीकडून दाबला. काही नाही. मग भूमिका अचानक म्हणाली, "आण्णा गेले गं," आणि तोंडावर पदर धरून घरात पळाली.

माळा आम्ही पुन्हा जागच्या जागी घातल्या.

*

सोमवारी गर्दी रस्त्यापर्यंत होती. अमावास्या, त्यातून भेटीचा दिवस. काकीनं लग्नातला शालू नेसला होता. श्रीशैल शटरच्या साखळीशी उभा राहिला, आणि मी बॉनेटच्या जवळ, पहिल्या रांगेत बसले.

"आज आण्णा भरभरून बोलनार!" महाराजांनी कुंचा फिरवला. "आज आमुशा! आज त्यांच्या तोंडाला कुलूप न्हाय! आण्णा, हायसा का?"

कुंचा फटीत गेला. गाडी गुणगुणत राहिली.

"आण्णा?"

दांडा आणखी आत गेला. महाराजांचा खांदा हलला. गाडी तशीच. पत्र्यावर पडणारा पाऊस त्या शेडमध्ये पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येत होता. कोणी खाकरलं. कोणी बांगड्या सावरल्या. महाराज दांड्यानं आतल्या आत ढोसत होते, आणि त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं.

"आण्णा रुसलेत. हितं कोन तरी शंकेखोर आलंय! समद्यांनी भाईर व्हा! आक्का, तुमी गाडीत बसा. काचा वर घ्या. शटर टाका रे! आत्ताच भेट व्हनार!"

माणसं उठू लागली. काकी गाडीच्या दाराकडं निघाली. मी उठून तिच्या आडवी उभी राहिले आणि ओरडले, "श्रीशैल, शटर!"

साखळी खडखडली. शटर पुरतं वर गेलं आणि पावसाळी उजेड शेडमध्ये शिरला. धूर दारातून बाहेर पडताना सगळ्यांना दिसला. मी गाडीत हात घालून इंजिन बंद केलं.

"आण्णा रुसले न्हाईत," मी म्हणाले. "काल आम्ही इंजिनाचं वायरिंग बदललं. आधीचं हे."

भूमिकानं जुना जुडगा आणून फरशीवर ठेवला. एका वाकड्या वाळक्या मुळीसारखा. मी तारा उघड्या करून दाखवल्या. कुंच्याचा दांडा टेकला की काय व्हायचं ते सांगितलं. धुरातल्या वायूचं सांगितलं. मानाच्या जागेवर बेशुद्ध पडणाऱ्या बायकांना विचारलं, घरी गेल्यावर दिवसभर डोकं दुखतं की नाही? त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. "आज काकीला दोन तास बंद गाडीत बसवलं असतं, तर भेट झालीच असती," मी म्हणाले. "पण अण्णा इकडं आले नसते, काकी तिकडं गेली असती."

"आनि माझ्या पोराची नोकरी?" मागून एक पावणं ओरडलं. "ती कोन बोललं मग?"

"दांडा!" दुसऱ्यानं सांगितलं आणि काही लोक हसले.

काकी हसली नाही. ती माझ्यासमोर आली. "काय केलंस तू?"

"नवीन वायरिंग घातलं, काकी."

"काढ ते."

"काकी—"

"जुनं घाल परत." तिनं माझे दोन्ही दंड धरले. "पाया पडते तुझ्या. सहा म्हैने मला उत्तर दिलं न्हाय त्यांनी. आज दिलं आसतं. आजच गप्प केलंस व्हय गं?"

मी खाली वाकून जुडगा उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, छातीशी घेतला. शालूवर काळा भुगा सांडत राहिला. तिनं बोटांनी एक तार कुरवाळली आणि आवरण गळून पडलं. दुसरी कुरवाळली. मग तिनं मान वर करून महाराजांकडं पाहिलं.

"कृष्णाता, तू बोल. ह्येच व्हतं?"

तो पळून जाईल असं मला वाटलं होतं. तो कुंचा धरून उभा होता आणि अचानक मिस्त्रीसारखा दिसायला लागला.

"आक्का, पैल्या दिवशी मी खरंच सांगितलंतं," तो म्हणाला. "फाटकात हुबा ऱ्हाऊन म्हनलो न्हवं, वायरी कुजल्यात, बदलाव्या लागतील? तुमी ऐकलंच न्हाईसा. तुमी इचारलंसा, ते हाईत व्हय रं त्यात? तुमचं तोंड बघून मी व्हय म्हनलो. मग लोक पाया पडाय लागले."

"आनि आज? आज मला आत कोंडनार व्हतास ते?"

"एवढं व्हईल म्हाईत न्हवतं, आक्का. आईशप्पत न्हवतं."

म्हणजे त्याला तारांची चलाखी ठाऊक होती, धुराचा धोका नव्हता. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते. श्रीशैलनं त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली. लोक चपला शोधत पांगले.

*

आठ दिवस काकी माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनंच निरोप धाडला. म्हणाली, "मला लक्ष्मी टेकडीला न्या."

श्रीशैल चालवत होता. काकी पुढं बसली होती, आम्ही दोघी मागं. उजळाईवाडी गेली, गोकुळ शिरगाव गेलं. चढ लागला तशी तिनं दाराची मूठ धरली. गाडी एका लयीत चढत गेली. ती जागा आली आणि मागं पडली. माथ्यावर तिनं थांबायला सांगितलं.

खाली कारखान्यांचे पत्रे ओले चमकत होते. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"त्या दिवशी सकाळी भांडण झालं," ती म्हणाली. "मी म्हनलं, माझ्याबरोबर देवळाला यायला येळ न्हाय, गाडी घेऊन हिंडायला हाय. जावा, त्या गाडीपायीच मरा एकदा. आसं म्हनलं मी. तासाभरात फोन आला." तिनं वळून गाडीकडं पाहिलं. "माफ केलंसा का, एवढंच इचारत व्हते. दर सोमवारी गाडी बंद पडायची."

श्रीशैल पुढं झाला. "अव्वा, आण्णांची दवाखान्याची फाईल दुकानात सापडली ती तुला सांगितलीती. जानेवारीतच डॉक्टरांनी हार्टचं ऑपरेशन सांगितलंतं. तेच बोलले न्हाईत कुनाला."

"सांगितलंतंस. ऐकू आलं न्हवतं." मग ती मला म्हणाली, "म्हंजे माझ्या बोलन्यानं न्हाय?"

"बोलण्यानं माणूस मरत न्हाय, काकी. तसं असतं तर कुठल्या घरात कोण शिल्लक राहिलं असतं?"

"आनि माफीचं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ते आता कळायचं न्हाय," मी म्हणाले. "कोणालाच."

ती रडली. मोठ्यानं, तोंड न झाकता, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात. फेब्रुवारीपासून ती असं रडली नव्हती, भूमिका म्हणाली.

दिवाळीनंतर राधानगरीकडची एक बाई पत्ता विचारत फाटकाशी आली. नाव चिमणाबाई. पावण्यांकडून बोलक्या गाडीचं ऐकलं होतं. मुलगी बाळंतपणात गेली होती, तिच्याशी बोलायचं होतं. हातात नारळ. मी तेव्हा तिथंच होते, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात काकी पायऱ्या उतरून गेली.

"आत या. चहा घ्या," ती म्हणाली. "पर आधी सांगते, हितं बोलनारं कोन न्हाय. इंजिन व्हतं ते. मी सहा म्हैने त्याला इचारलं, आनि मरता मरता वाचले. तुमची लेक त्यात न्हाय. माझा मालक बी न्हवता."

चिमणाबाईचा चेहरा पडला. काकीनं तिच्या हातातला नारळ काढून बाजूला ठेवला आणि तिला पायरीवर बसवलं. "लेकीचं नाव काय व्हतं? कशी व्हती? मला सांगा. मी ऐकते."

ती बाई संध्याकाळपर्यंत बोलत होती.

वाचकहो, मेलेली माणसं परत यावीत असं कोणाला वाटत नाही? मलाही त्या धुरात वडिलांचा खोकला ऐकू आला होता, आणि खरं सांगायचं तर तो पुन्हा ऐकावा असंही वाटलं होतं. तेवढ्याच ओढीवर सगळा धंदा उभा राहतो. म्हणून एवढंच मागणं आहे. कोणी दार लावून चमत्कार दाखवू लागला, तर आधी दार उघडायला सांगा. शंका घेणाऱ्यानं बाहेर जावं असं कोणी म्हणाला, तर बसून राहा आणि नीट बघा. आणि घरात कोणी दुःखात असेल, तर त्याचं ऐकायला तुम्ही स्वतः बसा. तुम्ही बसला नाहीत, तर कोणीतरी कुंचा घेऊन बसेल.